श्रीमंतची काळी वायर

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागच्या बोळात श्रीमंत सोनकांबळेचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूनं गिऱ्हाईक. आत एक बाकडं, बॅटऱ्या चार्ज करायची पेटी, मोडक्या डायनामोंचा ढीग आणि खुंटीला टांगलेली एक काळी, जाड, वीस हात लांब वायर. तिच्या दोन्ही टोकांना पितळेचे दातेरी चिमटे होते. दुकानाचं भांडवल किती, असं कोणी विचारलं की श्रीमंत त्या वायरीकडं बोट दाखवायचा.

"एवढंच. बाकी समदं लोकांचं बिघडलेलं हाय."

नांदेडला वजिराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं सहा वर्षं काढली होती. उस्तादानं पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच शेवटच्या दिवशीही सांगितलं, मधल्या सहा वर्षांत फक्त चहा आणायला सांगितला, असं श्रीमंत म्हणायचा. ते सांगणं असं होतं: "पहले जमीन पकड, फिर बिजली कू हात लगा." म्हणजे, वीज जशी जाते तशी तिला परत यायला वाट लागते. ती परतीची वाट, तिला हे लोक अर्थ म्हणतात, ती आधी पक्की कर आणि मग बाकीच्या तारांची चौकशी कर.

श्रीमंतनं हे इतकं मनावर घेतलं की कोणतंही काम असो, सायकलच्या दिव्याचं असो की गिरणीच्या मोटारीचं, आधी काळी वायर खुंटीवरून निघायची, तिचे दोन चिमटे दोन ठिकाणी लागायचे आणि मग मिस्तरी विचारायचा, "हं, आता सांगा काय होतंय."

त्या साली तर वायरीला खुंटीवर विसावाच मिळाला नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसून त्यात पोरं गोट्या खेळायला लागली होती, आणि गावात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. लोखंडाला हात लावला की झणका बसायचा. कोणाच्या कपाटाला, कोणाच्या टेबलफॅनला, गिरणीच्या कठड्याला. गिरणीवाला पायात रबरी चप्पल घालून पीठ द्यायचा आणि बायका पदर हाताला गुंडाळून घ्यायच्या. म्हाताऱ्या म्हणायच्या, भुई काही घेईना झाली.

म्हाताऱ्यांचं अगदीच चूक नव्हतं. घरामागं अर्थचा खड्डा असतो, त्यात पट्टी पुरलेली असते. त्या खड्ड्यातली ओलच गेली होती. कोरड्या मातीत वीज उतरत नाही, ती घरातच हिंडत राहते. दोन बादल्या पाणी ओतलं की खड्डा पुन्हा कामाला लागतो. पण त्या साली दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओता म्हणणाऱ्याला लोकांनी त्याच खड्ड्यात पुरलं असतं. मग श्रीमंत आपली वायर न्यायचा, तिचं एक टोक बोअरच्या लोखंडी पायपाला लावायचा, तो पाईप तीनशे फूट खाली गेलेला, आणि दुसरं टोक त्या झणकणाऱ्या वस्तूला.

"यंदा जमिनीवर भरवसा ठिवायचा न्हाई," तो म्हणायचा. "आपली जमीन आपन संगं घिऊन हिंडायची."

सोनकांबळ्यांच्या घरात कोणाच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. वीस हातांची ही पहिलीच.

श्रीमंतची बायको गुणाबाई पांढऱ्या डब्ब्यावर कामाला होती. पांढरा डब्बा म्हणजे फिरता दवाखाना. बाहेरदेशातल्या कोणा धर्मादाय मंडळींनी तो एका संस्थेला दिला होता: चार चाकांचा, खिडक्यांचा, आत खाट आणि कपाटं असलेला लांबलचक ट्रेलर. ओढायला मिलिटरीतून निकाली निघालेला एक ट्रक होता, तो नांदेडच्या लिलावात घेतलेला. संस्थेचे डॉक्टर किशनराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते आणि निवृत्त झालो हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. ते पुढं ट्रकात व्यंकटी ड्रायव्हरच्या शेजारी बसत, कंपाउंडरही तिथंच. गुणाबाईला पुढं जागा नसे. ती मागं डब्ब्यात, औषधांच्या कपाटाला टेकून, खाली फरशीवर बसायची.

या डब्ब्याचे ब्रेक विजेचे होते. चार चाकांत चार लोहचुंबक, ट्रकात ड्रायव्हरच्या हाताशी एक डबी आणि डबीला दांडी. ब्रेक लावला की ट्रकाच्या बॅटरीतून वीज मागं जायची, चुंबक चाकाला चिकटायचे आणि डब्बा आपल्या पायावर थांबायचा. पंचक्रोशीत असलं दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळं त्याचा दुसरा मिस्तरीही नव्हता. श्रीमंतनं ते डब्ब्याबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून शिकून घेतलं होतं. अक्षरं इंग्रजी होती, तारा मराठीच होत्या, असं तो म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी व्यंकटी दुकानात येऊन बाकड्यावर बसला. हा जळकोटकडचा, घरची पंधरा एकर कोरडवाहू आणि जीव सगळा ट्रकात. एरवी आला की आधी चहा मागायचा. त्या दिवशी नुसता बसला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "पंधरा दिस झाले, मागनं कुनीतरी ढकलून राहिलंय."

"तुला?"

"गाडीला. म्या थांबतो, ते थांबत न्हाई. मानंवर हात ठिवल्यावानी होतं."

"पानी किती भरतूस डब्ब्यात?"

"सा पिंपं."

श्रीमंतनं मनात हिशेब केला. दुष्काळी कामावरच्या लोकांसाठी डब्ब्यातून पाणीही न्यायचं, असं डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या तोंडाला ठरवलं होतं. सहा पिंपं म्हणजे हजारबाराशे किलो. तोवर डब्बा रिकामा असायचा, आणि रस्ता चाकूरकडचा, सपाट. ट्रकानं एकट्यानं सगळं थांबवलं तरी कोणाला कळलं नसतं.

"आन् सोमवारपासून काळ्या पुलाकडं जायचंय," व्यंकटी म्हणाला, आणि मगच चहा मागितला.

काळ्या पुलाचा उतार जळकोटच्या वाटेवर होता. कोस-दीड कोस माळ गेला की रस्ता एकदम खाली वळायचा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला गुडघाभर दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडं काही नाही. तळाला नाल्यावर काळ्या दगडाचा पूल. नाला कोरडा होता, पण पुलाजवळच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं, दोन-अडीचशे माणसं खडी फोडत बसलेली. वरून येणाऱ्याला ती दिसण्याआधी त्यांच्या हातोड्यांचा आवाज यायचा. मधल्या वळणावर कठड्याचा एक दगड कधीचा गेलेला होता. तो कसा गेला, हे ज्याला त्याला वेगवेगळं माहीत होतं, आणि तिथून जाताना कोणी सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी सातला दवाखान्याच्या आवारात श्रीमंतनं काम काढलं. डॉक्टरांना दाखला पाहिजे होता. लातूर जिल्हा नवा झाला होता. पूर्वी एका कागदासाठी उस्मानाबादेला मुक्काम करावा लागायचा. आता लातूरला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येता येई, म्हणून लोकांनी दुप्पट कागद करायला सुरुवात केली होती. डब्बा उतारावर न्यायचा तर 'ब्रेक तपासले, ठीक आहेत' अशी मिस्तरीची सही लागणार होती.

पहिल्यांदा अर्थातच काळी वायर. एक चिमटा ट्रकाच्या बॅटरीच्या अर्थला, दुसरा डब्ब्याच्या सांगाड्याला. मग मीटर. गुणाबाईला ट्रकात बसवून त्यानं दांडी दाबायला सांगितली. एका चुंबकाला तीन अँपिअर, चारांना बारा. काटा बारावर जाऊन उभा राहिला. जॅक लावून एकेक चाक उचललं, हातानं फिरवलं, ओरडला, "दाब," आणि चाक कुणीतरी हाक मारल्यासारखं जागच्या जागी थांबलं. चारही थांबली. एका चाकाचा ड्रम उघडून पाहिला. चुंबकाचं तोंड सारखं झिजलेलं, चकचकीत. जोडाचा प्लग काढून त्याचे दात पॉलिश कागदानं घासले. अर्थच्या तारेचा बोल्ट डब्ब्याच्या पुढच्या दांड्यावर होता, तो पान्यानं हलवून बघितला, पक्का. दांडा लालभडक, नव्या नवरीच्या पाटासारखा.

"रंग झ्याक बसलाय," श्रीमंत म्हणाला.

"दसऱ्याला दिला की," व्यंकटी खुलला. "सारं खोलून दोन हात मारले. डब्बा ट्रकाला अडकतो त्या जोडाच्या गोळ्याला बी. मग वरून ग्रीस. तुमी नव्हतात."

दसऱ्याला श्रीमंत दुकान बंद ठेवून पांढरे कपडे घालून विहारात जायचा. त्या दिवशी गावातल्या सगळ्या यंत्रांना सुट्टी, पूजा आणि रंग असायचा, आणि गावातल्या एकुलत्या एका वायरमनला सुट्टी, वंदना आणि खीर.

डब्ब्याला स्वतःची एक छोटी बॅटरी होती. तिचं काम एकच. कधी डब्बा ट्रकापासून सुटलाच, तर ट्रकाला अडकवलेली तार ताणून एक खुंटी उपसली जाते आणि ही बॅटरी स्वतःच चारही चाकं आवळते. तिला ट्रकाचं काही देणंघेणं नाही; तिची वीज डब्ब्यातच जाते आणि डब्ब्यातच परत येते. श्रीमंतनं झाकण काढलं तर आतल्या पट्ट्या कोरड्या पडत आलेल्या. त्यानं डॉक्टरांकडून डिस्टिल पाण्याची बाटली घेतली आणि एकेका तोंडात ओतू लागला.

बाजूला पाण्याच्या रांगेत बायका बसल्या होत्या. त्यांतली धोंडाबाई नावाची म्हातारी उठून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"पेटीला पाजून राहिलास व्हय?"

"हाव मावशी. हे प्यायचं पानी न्हाई. चव न्हाई त्याला."

"पान्याला चव बघायचं साल हाय व्हय हे?"

श्रीमंतचा हात थांबला. म्हातारीनं बॅटरीची झाकणं मोजली.

"सा तोंडं हायती तिला," ती म्हणाली. "माझ्या घरात बी साच. पाज, पाज. कुनाचं तरी भरू दे."

आणि परत जाऊन आपल्या हंड्यामागं बसली. श्रीमंतनं उरलेली तोंडं भरली, पण मान वर करून भरली नाहीत.

मग त्यानं ती खुंटी उपसून पाहिली. चाकं आवळली. डब्ब्याच्या पोटातून भुंग्यासारखा आवाज आला, घूंऽऽ. खुंटी परत बसवली, आवाज थांबला.

"झालं," तो म्हणाला. "काय बी दोष न्हाई."

गुणाबाई ट्रकातून उतरली. तिला काहीतरी बोलायचं होतं. बोलायचं असलं की ती आधी पदर नीट करायची.

"अवो, एक इचारू? हे असं घुमतंय न्हवं आता. मगाशी म्या दांडी दाबली तवा बी घुमलं."

"घुमनारच. चुंबक ओढतंय म्हनून घुमतंय."

"वाटंत घुमत न्हाई."

"म्हंजे?"

"म्या खाली फरशीवर बसते. पैल्यांदा पायाला लागायचं. ब्रेक लावला की पायाखाली भुंगा बसल्यावानी. लई दिस झालं, लागत न्हाई. दिवाळीपासनं न्हाईच."

श्रीमंतनं मीटरकडं पाहिलं. मीटर त्याच्या बाजूनं होता.

"रस्त्यात ट्रकाचा आवाज किती. तुला कसं ऐकू येईल?"

"कानानं न्हाई म्हनत. पायानं."

"आता घुमलं का न्हाई?"

"घुमलं."

"चारदा?"

"चारदा."

"मग?"

गुणाबाईनं पदर पुन्हा नीट केला आणि ती डब्ब्यात चढली. श्रीमंतनं दाखल्यावर सही केली. सही करताना त्याला उस्तादाची आठवण आली, का ते कळलं नाही. समोर बारा अँपिअर होते, थांबलेली चार चाकं होती, आणि तरी कुठंतरी एक तार लोंबत असल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

व्यंकटीनं ट्रक सुरू केला तेव्हा श्रीमंत पुन्हा पुढं गेला. पिशवीत नायलॉनच्या सुतळीचा रीळ होता, त्यातून सात-आठ हात कापली, एक टोक त्या खुंटीच्या कडीला बांधलं आणि दुसरं डब्ब्याच्या पुढच्या खिडकीतून आत गुणाबाईच्या हातात दिलं.

"हे काय रे?" डॉक्टर किशनराव वाकून बघत म्हणाले. "तू तर ठीक म्हणून सही केलीस."

"ठीकच हाय साब. असू द्या."

"मग दोरी कशाला? म्हैस आहे का ती?"

"असू द्या साब," श्रीमंत म्हणाला. आणि खिडकीतून हळूच, "पायाला लागलं न्हाई तर वढ. वढायचं काम पडनार न्हाई."

"काम पडनार न्हाई तर देता कशाला?" गुणाबाई म्हणाली. पण दोरी तिनं हाताला दोन वेढे देऊन धरली.

डब्बा धूळ उडवत गेला. वाटेत खासगी विहिरीवर पिंपं भरायची होती, त्याला तास तरी लागणार होता. श्रीमंतनं हत्यारं गोळा केली. मीटर पिशवीत, पाने पिशवीत. शेवटी वायर. वायर गुंडाळायची त्याची एक पद्धत होती: अंगठा आणि कोपर यांच्यामधून वेढे घेत जायचे, घेता घेता बोटांनी चाचपायचं, कुठं सोललेली नाही ना. चौथा वेढा, पाचवा वेढा. सहाव्या वेढ्याला हात थांबला.

ही वायर ट्रक आणि डब्बा यांच्यामध्ये होती.

सकाळपासून, प्रत्येक चाचणीला, तीच मध्ये होती. वीज ट्रकातून डब्ब्यात गेली ती डब्ब्याच्या तारेनं. पण परत आली ती कोणत्या वाटेनं? त्याच्या वाटेनं. या वीस हातांच्या जमिनीवरून. रस्त्यावर ही वायर नव्हती. रस्त्यावर ती दुकानातच खुंटीला असायची. रस्त्यावर परत यायला होता तो एक बोल्ट, जो हलवून पक्का आहे एवढंच त्यानं पाहिलं होतं, आणि जोडाचा तो लोखंडी गोळा. दोघांनाही दसऱ्याला दोन हात रंग. रंगातून वीज येत नाही. ग्रीसमधून येत नाही. दसरा झाला की दिवाळी, आणि दिवाळीपासनं पायाला लागत न्हाई.

उस्तादाचं ऐकून ऐकून त्यानं आजारी माणसाची नाडी स्वतःच्याच मनगटावर पाहिली होती.

वायर तशीच अर्धी गुंडाळलेली खांद्यावर टाकून तो स्टँडकडं पळाला. जळकोटची गाडी लागलेली होती, आणि ती माणसांपेक्षा भांड्यांनी भरलेली होती. पावण्याच्या गावाला पाणी आहे असं कळलं की लोक हंडे घेऊन पावणे व्हायचे. श्रीमंत दारात उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "मिस्तरी, वायरीचं अर्धं तिकीट लागंल." गाडीतले दोघं-तिघं हसले. श्रीमंत हसला नाही, तेव्हा कंडक्टरनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि घंटी वाजवली.

विहीर आली. तिथं पाण्याचा सांडलेला ओला पट्टा होता आणि चाकांच्या खुणा. डब्बा नव्हता.

"कवाशी गेला?" श्रीमंतनं खिडकीतून विचारलं.

"आत्ताच की," विहिरीवरचा माणूस म्हणाला. "आज लौकर भरली."

माळ सरेना. दोन्ही बाजूंना तुरीचे खुंट, त्यांत एकही जनावर नाही, आणि वर आभाळ पितळेच्या परातीसारखं घासलेलं. श्रीमंत दारातून पुढं वाकून बघत होता आणि कान देत होता. उताराच्या तोंडाशी आलं की हातोड्यांचा आवाज येतो. अडीचशे हातोडे, लांबून गारा पडल्यासारखे. तो आवाज आला की समजायचं, खाली सगळं जागच्या जागी आहे.

गाडी उताराच्या तोंडाशी आली. आवाज नव्हता.

एसटीच्या ड्रायव्हरलाही ते जाणवलं असावं. त्यानं गाडी वरच थांबवली आणि इंजिन बंद केलं. सगळे ऐकू लागले. खाली अडीचशे माणसं होती आणि एकही हातोडा वाजत नव्हता.

श्रीमंत उतरून चालू लागला. पळावं असं त्याला वाटत होतं, पण पाय चालतच होते. रस्त्यावर आधी एक काळा पट्टा लागला, मग दोन, मग चारही चाकांचे. पट्टे उजवीकडं, कठड्याकडं सरकत गेले होते. वळणावर कठड्याचा एक दगड पूर्वीच नव्हता. आता चार नव्हते.

मग पाणी दिसलं. वळणापासून रस्त्यावरून पाणी वाहत खाली पुलाकडं चाललं होतं, उन्हात चकाकत, आणि दोन्ही बाजूंनी माणसं वाकलेली होती. खडी फोडणाऱ्या बाया, गडी, म्हाताऱ्या. कोणी पदर पाण्यात बुडवून पातेल्यात पिळत होतं, कोणी हाताच्या तळव्यांनी आडोसा करत होतं. पडलेल्या हातोड्यांवरून पाणी जात होतं. श्रीमंत वळणावरच थांबला.

तिथं ट्रक डोंगराला नाक लावून उभा होता. त्याच्या मागं डब्बा, तिरपा, एक मागचं चाक कठड्याच्या रिकाम्या जागेवर अर्धं बाहेर, थांबलेलं. दार उघडं होतं, आतली तीन पिंपं लवंडलेली. डब्ब्याच्या पोटात अजून भुंगा घुमत होता, एकसारखा, बारीक.

गुणाबाई डोंगराच्या बाजूला दगडावर बसली होती. उजव्या हाताला दोरीचे वेढे तसेच होते आणि दोरी तळव्यात रुतून रक्त आलं होतं. दोरीच्या टोकाला खुंटी लोंबत होती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, त्याच्या खांद्यावरच्या वायरीकडं पाहिलं.

"घुमलं न्हाई," ती म्हणाली. "त्यानं ब्रेक लावला असंल, मला वाटलं. पायाला काय बी न्हाई. म्हनून वढली."

श्रीमंत तिच्यासमोर खाली बसला. दोरीचे वेढे सोडवायला लागला. दोरी रुतलेली होती म्हणून वेळ लागला.

"मग घुमलं?" त्यानं विचारलं.

"मग घुमलं."

व्यंकटी अजून ट्रकात बसलेला होता. त्याच्या हातात ती डबीची दांडी दाबलेली होती आणि त्याला ती सोडता येत नव्हती. डॉक्टरांनी एकेक बोट उघडून हात काढून घेतला. मग डॉक्टर खाली उतरले, खिशातला दाखला काढला, उघडला, वाचला. श्रीमंतला द्यावा की नाही ते त्यांना ठरवता येईना.

"द्या साब," श्रीमंत म्हणाला. "खोटा हाय तो. म्या माझी वायर लावून तपासलं. तुमची तपासलीच न्हाई."

त्यानं पिशवी आणली नव्हती, पण टेस्टर कानावर होता. डब्ब्याच्या पुढच्या दांड्याजवळ जाऊन त्यानं ट्रकातल्या पान्यानं अर्थचा बोल्ट सोडवला आणि टेस्टरच्या पात्यानं खालचा रंग खरवडू लागला. लाल निघाला. त्याच्याखाली पुन्हा लाल. मग लोखंड. त्यावर तार ठेवून त्यानं बोल्ट परत आवळला. व्यंकटी मागं येऊन उभा राहिला. त्याला आधी कळलं नाही, आणि मग कळलं, तेव्हा तो रस्त्यावर खालीच बसला.

"म्या पूजेचा म्हनून..." एवढंच म्हणाला.

"रंग तू झ्याकच दिलास," श्रीमंत म्हणाला. "म्याच बघितला, म्याच म्हनलं झ्याक हाय. आता येक डाव वर चढ आन् दांडी दाब."

"मला जमनार न्हाई."

"दाब गड्या. काळी वायर न लावता दाब."

गुणाबाई उठली. कोणी न सांगता ती डब्ब्यात चढली, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली. श्रीमंतनं खुंटी परत बसवली आणि भुंगा थांबला. डब्बा तसूभर सरकला. सगळ्यांचे श्वास सरकले. व्यंकटीनं दांडी दाबली.

"घुमलं," आतून गुणाबाई म्हणाली.

खाली एकेक करून हातोडे पुन्हा वाजू लागले.

त्यानंतर श्रीमंतच्या कामाची पद्धत बदलली. काळी वायर लावून एकदा आणि काढून एकदा, असं तो दोनदा तपासायचा, आणि गिऱ्हाईक चिडायचं. डब्ब्याच्या दाखल्यावर त्यानं एकट्यानं सही करायची बंद केली. त्याच्या सहीखाली गुणाबाईचा अंगठा पाहिजे. पहिला असा कागद गेला तेव्हा वरून विचारणा आली की, सदर बाई कोण व त्यांचा हुद्दा काय. डॉक्टर किशनरावांनी उलट टपाली कळवलं: "ब्रेक ऐकणारी." नव्या जिल्ह्यात नवे हुद्दे निघतच होते, हाही कोणीतरी नोंदवून घेतला असावा, कारण पुन्हा विचारणा आली नाही.

कठड्याचे चार दगड मात्र कोणाच्या हद्दीत ते ठरेना, त्यामुळं ती जागा तशीच राहिली. पाऊस आला, दुष्काळ गेला, तरी तशीच. डब्बा उताराच्या तोंडाशी आला की व्यंकटी थांबतो, दांडी दाबतो आणि वाट बघतो. मागून पत्र्यावर दोन टिचक्या आल्या की मगच उतरतो.

एकदा टिचक्या आल्याच नाहीत. व्यंकटी वाट बघत राहिला; डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला; खालून हातोड्यांचा आवाजही नव्हता, कारण काम संपून वर्ष झालं होतं. बऱ्याच वेळानं ठक-ठक झालं.

"काय झालं हुतं?" व्यंकटीनं खाली पोचल्यावर विचारलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काय न्हाई," गुणाबाई म्हणाली. "पायाला मुंग्या आल्त्या. म्हनलं, भुंगा हाय का मुंग्या, नीट बघून सांगावं."